पश्चिमेकडचे चार चौकोन

धाकूबांनी एक दगड उचलला, मुठीत तोलला आणि समोरच्या गवतात टाकला. दगड पडल्याचा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. मी मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं असेल, तेव्हा कुठे खालून, फार खालून, डुबुक असं ऐकू आलं.

"कळलं का मास्तर?" ते म्हणाले. "हितनं पुढं पाय टाकायचा न्हाई."

मी मास्तर नव्हतो. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, वय बावीस, आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं. पण खांद्याला वही-पेनाची पिशवी आणि नाकावर चष्मा, एवढ्यावर त्या वस्तीनं मला मास्तर करून टाकलं. मीही नको म्हणालो नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

सह्याद्रीच्या माथ्यावरचा तो कुंभसडा. कातळाच्या सपाट पठाराला तिकडे सडा म्हणतात. पावसाळा संपला की त्यावरचं गवत छातीला लागतं, त्याला पांढरे तुरे येतात, आणि वारा सुटला की सगळा सडा एका अंगावर वळतो आणि पुन्हा उठतो. आश्विनातलं ते ऊन आणि ते तुरे बघायला हल्ली गाड्या भरभरून माणसं जातात म्हणे. तेव्हा एस.टी. खालच्या फाट्यावर सोडायची आणि तिथून दीड तास चढ. मी तिथे गवत बघायला नव्हे, गवताचं वजन करायला गेलो होतो.

हसू नका. हाच माझा प्रबंध होता. सड्यावर एका मीटरच्या चौकोनात किती गवत वाढतं, याची सरासरी काढायची. त्यासाठी एक लाकडी चौकट नेली होती. पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे फेकायची. ती जिथे पडेल तिथलं आतलं सगळं गवत विळ्यानं कापायचं, वजन करायचं आणि वहीत लिहायचं. असे चाळीस चौकोन. डोळे मिटायचे कारण माणूस डोळे उघडे ठेवून फेकायला लागला की नेमकं आपल्याला हवं तिथेच फेकतो. हे आमच्या सरांनी मला दहा वेळा बजावलं होतं.

सड्याच्या कडेला गवळी धनगरांची चारच घरं. त्यातल्या धाकू झोरे यांच्या घरी माझी सोय झाली होती. साठीचा काटक माणूस, बोलणं मोजकं. बायको गंगूमावशी. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या हडकुळ्या मनगटाकडे बघून, याला शिकवतात पण खायला घालत नाहीत का, असं नवऱ्याला माझ्यासमोरच विचारलं होतं. नाचणीची भाकरी आणि वाडगाभर दही माझ्यापुढे ठेवून ती ते संपेपर्यंत समोर बसून राहायची.

सड्याच्या पश्चिम अंगाला कातळात एक भोक होतं. रुंदी बैलगाडीएवढी, खोली कुणी मोजलेली नाही. त्याला ते लोक तोंड म्हणत. उन्हाळ्यात ते लांबूनही दिसतं. पण पावसाळ्यानंतर त्याच्या कडेला गवत पुरुषभर उंच वाढून आत झुकतं, आणि मग दहा पावलांवरूनही पत्ता लागत नाही. म्हणून दसरा झाला की झोऱ्यांच्या घरच्या माणसानं तिथे जायचं आणि तोंडाच्या भोवतीनं उभ्या गवताच्या गाठी बांधायच्या. मूठमूठभर शेंडे एकत्र घेऊन त्यांचा पीळ घालायचा आणि गाठ मारायची. गाठ दिसली की माणसानं मागं फिरायचं.

आणि ज्यानं गाठी बांधल्या, त्याचा विळा पहिला. कोजागिरीच्या सकाळी धाकूबांनी एकट्यानं सड्यावर जाऊन, त्यांना योग्य वाटेल त्या जागी गवत कापायचं. नंतर बाकीच्या घरांतल्या बायामाणसांनी यायचं, कापलेलं कुठं दिसतं ते बघायचं आणि तिथून पुढे कापत सुटायचं. पहिल्या विळ्याआधी सड्यावर काडी कापायची नाही. कापलेलं गवत म्हणजे धाकूबांचा शब्द, की इथं धोका नाही, या. पाच पिढ्यांचा मान होता तो. त्यांच्या घरात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

माझ्यासाठी त्यांनी नियम वाकवला होता. मास्तर पूर्वेच्या अंगाला चौकोन कापतोय, ते धरू नका, असं त्यांनी चारही घरांत जाऊन सांगितलं. मला म्हणाले, "पूर्वेला काय बी करा. फक्त पश्चिमंला नगं." मी हो म्हणालो. मान डोलवायला काय जातं?

तीन दिवसांत माझे छत्तीस चौकोन झाले. गवताच्या पात्यांनी हात इतके कापले होते की मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या दिवशी दुपारी मी सावलीला बसून सरासरी काढली आणि माझं तोंडच उतरलं. सरांनी जो आकडा येईल असं सांगितलं होतं त्यापेक्षा माझा आकडा फारच खाली होता. सर कडक. आकडा चुकला तर ते गवताला नाही, मला नापास करणार. दुसऱ्या दिवशी कोजागिरी, विळे सुटणार, आणि मग मोजायला गवतच उरणार नव्हतं.

मग मला आठवलं, की तोंडाच्या आसपासचं गवत पुरुषभर उंच आहे. खालच्या ओलीमुळे ते दुप्पट भरणार.

गेलो. चौकट डोळे मिटून फेकली नाही, हातानं मांडली. वाटेकडच्या बाजूनं पाच गाठी होत्या, तोंडापासून चांगल्या लांब. मी स्वतःशी म्हणालो, एवढ्या लांब गाठी बांधायची काय गरज आहे? अडाणी माणसं, भीतीच फार. गाठीच्या अलीकडचं गवत विरळ होतं आणि नेमकं गाठीतलं दाट. चार चौकोन कापले आणि त्यांत त्या पाचही गाठी गेल्या. वजन बघून मला एवढा आनंद झाला की मी चक्क शीळ घातली. जाताना मागच्या गवताला नव्या गाठी बांधू, असं मनात होतं. हे मी आज स्वतःला सोडवण्यासाठी म्हणत नाही, खरंच होतं. पण गवताची ओझी मोठी होती, ऊन उतरायला लागलं होतं, आणि गंगूमावशीनं आज खीर करते म्हणून सांगितलं होतं. मी तसाच निघालो.

वहीत मात्र ते चारही चौकोन मी पूर्वेचे म्हणून लिहिले. हातानं मांडलेली चौकट सरांना कळून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूबा अंघोळ करून, डोक्याला धुतलेला पटका बांधून विळा घेऊन गेले. त्यांनी पूर्वेकडे, माझ्या चौकोनांच्याही पलीकडे पहिला विळा घातला. बमू येडगे याचं घर पश्चिमेच्या टोकाला. त्याची बायको सोनाबाई नेहमी सगळ्यांच्या आधी सड्यावर. तिशीची, कामाला वाघीण, तोंडानं फटकळ. माझ्या चौकोनांवरून ती मला रोज छेडायची, की मास्तर, म्हशी चौकोनी खात नाहीत हो. ती आपल्या घराकडून वर चढली आणि तिला समोरच कापलेलं गवत दिसलं. तिला वाटलं, औंदा धाकूबांनी पश्चिमेकडून सुरुवात केली. तिनं त्या कापलेल्या जागेवर उभं राहून पुढच्या गवताला हात घातला आणि कापत कापत निघाली.

तिची किंकाळी मी घरात पिशवी भरताना ऐकली. त्या क्षणी मला सगळं कळलं. पिशवी तिथेच टाकून मी सड्याकडे धावलो.

ती तळाला गेली नव्हती. दोन पुरुष खोलीवर कातळाचा एक ओटा होता, त्यावर अडकली होती. दोर सोडून बमू स्वतः आत उतरला आणि तिला पाठीशी बांधून वर घेतली. मांडीचं हाड कमरेपाशी मोडलं होतं. मी दोर ओढत होतो, इतरांपेक्षा जास्त जोरानं ओढत होतो, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला खाली फाट्यावर नेलं. मीही झोळीला खांदा दिला. वाटेत तिनं एकदा डोळे उघडले आणि मला ओळखून पाणी मागितलं. मी पाजलं. धाकूबा तेवढे आमच्याबरोबर आले नाहीत. दोर गोळा करून येतो म्हणून मागे राहिले.

सोनाबाईला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवून, तिच्या भावाला तिथे बसवून बमू दिवस मावळताना परत आला तो कुऱ्हाड हातात घेऊनच झोऱ्यांच्या अंगणात उभा राहिला. चारही घरं जमली. बमूनं विचारलं, की पश्चिमेला गवत कुणी कापलं? वाटेकडच्या पाच गाठी कुठं गेल्या? सगळे धाकूबांकडे बघत होते. धाकूबा माझ्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

मग बमू माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी गेला हुता का तिकडं?"

बावीस वर्षांच्या आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हो किंवा नाही. आणि मी म्हणालो, "नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण चोराच्या मनात चांदणं. मी आत जाऊन वही घेऊन आलो. बमू चौथी शिकलेला होता. त्याच्यासमोर वही उघडली आणि प्रत्येक चौकोनापुढे लिहिलेलं पूर्व, पूर्व, पूर्व असं बोटानं दाखवत गेलो. त्यानं एक एक ओळ ओठ हलवत वाचली. चाळीसच्या चाळीस. मग त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली, अगदी जपून, आणि म्हणाला की लिवलेलं हाय म्हंजे झालं.

लिहिता न येणाऱ्या धाकूबांच्या शब्दासमोर मी माझी वही आणून ठेवली होती.

सगळे पुन्हा धाकूबांकडे वळले. मला वाटलं, आता ते बोलणार. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. गंगूमावशी नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"इळा माझाच," धाकूबा म्हणाले. "काल जाऊन जरा हात मारला. गाठी त्यात गेल्या. परत बांधायच्या ऱ्हाऊन गेल्या."

बमूच्या हातातली कुऱ्हाड हळूहळू खाली आली. मला वाटतं, ते नाही म्हणाले असते तर त्यानं मारलं असतं, पण कबूल करणाऱ्या म्हाताऱ्यावर हात कसा उचलणार? तो रडायला लागला. मग तिथेच ठरलं. गाठींचा मान झोऱ्यांकडून काढला, येडग्यांकडे दिला. झोऱ्यांचा विळा यापुढे सगळ्यात शेवटी. धाकूबांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गंगूमावशीनं भाकरी बांधून दिली, पण समोर बसली नाही. धाकूबा माझी गवताच्या नमुन्यांची पिशवी डोक्यावर घेऊन मला उतरणीपर्यंत पोचवायला आले. मी त्यांना नको नको म्हणत होतो, ते ऐकेनात. उतरणीच्या तोंडाशी पिशवी खाली ठेवून ते दगडावर टेकले.

"मास्तर, इळा गोल फिरतो," ते म्हणाले. "आमी कापलेलं गवात अर्ध्या चंद्रावाणी दिसतं. चार कोपरं आमच्यात कुणी कापत न्हाई."

मी खाली ठेवलेल्या पिशवीची गाठ आवळू लागलो.

"सोनाबाईला तुमी खाली न्हेलं, तवा मी ते कोपरं मोडून टाकलं."

"का?" मी विचारलं.

"बमूचा राग मला म्हाईत हाय. आन् तुमी माझ्या घरात जेवत हुता." त्यांनी खालच्या फाट्याकडे बघितलं. "बोलायचं असंल तर अजून येळ हाय. आता त्यो निवलाय. घरातच हाय."

फाट्यावर एस.टी. येऊन थांबल्याचं वरून दिसत होतं. ती गेली तर दुसरी दुसऱ्या दिवशी. मी खरं सांगतो, त्या वेळी मला सोनाबाईचा पाय दिसत नव्हता, धाकूबांचा पटकाही दिसत नव्हता, मला एस.टी. दिसत होती. मी त्यांचे पाय धरले. परीक्षा झाली की येतो, म्हणालो. चारही घरांसमोर उभं राहून सांगतो, तुमचा मान परत देतो, शपथ.

"या," ते म्हणाले. एवढंच.

मला पहिला वर्ग मिळाला. सरांनी माझ्या सरासरीचं कौतुक केलं, अशी अचूक मोजणी त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. पुढे कॉलेजात नोकरी लागली आणि मी खरोखरचा मास्तर झालो. परीक्षा झाल्यावर लगेच पावसाळा आला, मग लग्न, मग मुलगी, मग वडिलांचं दुखणं. कारणांना काय तोटा? दर आश्विनात मी ठरवायचो आणि दर आश्विनात दिवाळी यायची. बायकोला मी हे कधी सांगितलं नाही. पोरांना वर्गात मात्र शिकवत राहिलो, की चौकट डोळे मिटून फेकायची.

गेलो तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. तरी का गेलो ते सांगतो. एका विद्यार्थ्यानं मोजणीत खोटे आकडे लिहिले आणि मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. त्यानं मान खाली घालून, चुकलं सर, असं म्हटलं. दोन शब्द. तो म्हणाला आणि मोकळा झाला. मला त्या पोराचा इतका हेवा वाटला की मी त्याच शनिवारी एस.टी. पकडली.

सडा तसाच पांढरा झाला होता. धाकूबा नव्हते. आदल्या पावसाळ्यात गेले, असं मला वाटेतच एका गुराख्यानं सांगितलं. तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. माणूस तरी कसा असतो बघा, त्यात मला थोडं हायसंही वाटलं. पण पाय येडग्यांच्या घराकडे गेले.

सोनाबाई अंगणात बसून ताक घुसळत होती. केस पिकले होते, एक पाय बाजूला लांब ठेवलेला, शेजारी काठी. बमू गुरांकडे गेला होता. तिनं मला ओळखलं, हसली, चौकोन मोजून झाले का म्हणाली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चौकट, गाठी, वही, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तिचे हात रवीवरच थांबले होते. मी म्हणालो, "तुमचा पाय माझ्यामुळे गेला. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"पायाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पाय माझा हाय, मी बगून घीन." मग तिचा आवाज चढला. "चौदा वर्सं आमी त्या घरचं पाणी पिलो न्हाई, मास्तर. त्यो म्हातारा समोरनं आला की मी थुकायची. मेला तवा आमच्या घरातनं कुणी गेलं न्हाई. चार घरं आमची. तिरडी चौघांनी उचलायची रीत. तिघंच हुती. चौथा खांदा गंगूनं दिला. आपल्या नवऱ्याला बायकूनं खांदा दिल्याला कवा बगितलाय का तुमी?"

ती काठी घेऊन उठली. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. त्या पायानं ती झोऱ्यांच्या घराकडे निघाली आणि मी तिच्या मागे. शंभर पावलांचं अंतर होतं. तिला वाटेत दोनदा थांबावं लागलं.

गंगूमावशी दारात धान पाखडत होती. पार वाळून गेली होती. सोनाबाईला अंगणात आलेली बघून ती उभी राहिली.

"गंगू, पाणी दे," सोनाबाई म्हणाली.

गंगूमावशी आत गेली, तांब्या घेऊन आली. सोनाबाईनं तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, की हा मास्तर काय सांगतोय ते ऐक.

"मला ठाव हाय," गंगूमावशी म्हणाली. "त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं."

"आन् तू गप ऱ्हायलीस? चौदा वर्सं? माझ्या शिव्या खात?"

"त्यांनी शब्द घेतला हुता. म्हणलं, मास्तर यीन म्हणालाय. त्येच्या तोंडानं यिऊ दे, मग आपलं तोंड सोडू." तिनं रिकामा तांब्या हातात घेतला. "कोजागिरी आली की पटका धुऊन ठेवाय सांगायचं. एस.टी.च्या येळंला उतरणीवर जाऊन बसायचं. पाच-सा वर्सं बसलं. मग पटका धुवाय सांगायचं सोडलं."

सोनाबाईनं तिथेच खाली बसून गंगूमावशीचे दोन्ही पाय मिठीत घेतले आणि मोठ्यानं रडायला लागली. गंगूमावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी अंगणात उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही.